लिंपेट : एक जीव, अनेक नावे

समुद्राला ओहोटी लागली की किनाऱ्यावरील खडप हळूहळू उघडे पडू लागते. शेवाळाने निसरड्या झालेल्या दगडांवर कालवांची खरबरीत कवचे, भेगांत दडलेल्या कुर्ल्या, लहानमोठे शंख असा एक निराळाच संसार दृष्टीस पडतो. त्याच दगडांवर उपड्या घातलेल्या लहानशा वाटीसारखी एक वस्तू ठिकठिकाणी चिकटलेली असते. अनेकांना तो दगडाचाच फुगवटा वाटतो. वस्तुतः तो जिवंत प्राणी आहे. इंग्रजीत त्यास 'लिंपेट' म्हणतात आणि छापील मराठीतही बहुधा हेच नाव योजिले जाते.

काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका किनाऱ्यावर शाळकरी मुलांच्या सहलीबरोबर जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. खडपावर एक वृद्ध स्त्री लोखंडी कोयतीने कालवे काढीत होती. एका मुलीने त्या उपड्या वाटीकडे बोट दाखवून तिचे नाव विचारले. शिक्षिकेने 'लिंपेट' हे पुस्तकातील नाव सांगितले. मग मुलीने तोच प्रश्न त्या वृद्धेस केला. ती हसली आणि म्हणाली, जे आपण रांधीत नाही त्याला नाव कशाला हवे? परंतु लगेच तिने एक गोष्ट दाखवून दिली. तिने एका वाटीला कोयतीच्या मुठीने हलकेच टकटक केले आणि नंतर ती मुलांना हलवावयास सांगितली. कोणालाही ती तसूभरही हलविता आली नाही. शेजारच्या दुसऱ्या वाटीला मात्र तिने कोणतीही चाहूल न देता एका बाजूने झटकन ढकलले आणि ती वाटी सुटून तिच्या हातात आली. आतील मऊ जीव मुलांना दाखवून तिने तो पुन्हा पाण्याच्या डबक्यात अलगद ठेवून दिला.

शिक्षिकेपाशी नाव होते, वृद्धेपाशी जीवाची ओळख होती. ही दोन ज्ञाने त्या दिवशी क्षणभर एकत्र आली. एरवी ती एकमेकांस क्वचितच भेटतात. म्हणूनच ह्या नावाचा अर्थ काय, ते कोठून आले आणि त्यात ह्या प्राण्याविषयी किती सांगितले गेले आहे, हे पाहणे बोधप्रद ठरेल.

शंखाच्या कुळातील 'शिंपला'

आपल्या बोलण्यात समुद्रातील कवचधारी जीवांचे ढोबळमानाने दोन वर्ग असतात. ज्याला पीळ असतो तो शंख, आणि ज्याला दोन शिंपा असतात तो शिंपला. लिंपेटला पीळ नाही आणि दोन शिंपाही नाहीत. त्याचे एकच कवच असते व ते शंकूच्या आकाराचे असते. पाहणारा त्यास सहज 'शिंपला' म्हणून मोकळा होतो. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो शंखाच्या, म्हणजे गोगलगाईच्या कुळातील आहे. त्याला गोगलगाईप्रमाणे डोके, दोन शृंगिका आणि पोटाखाली एक रुंद मांसल पाय असतो. ह्याच पायाच्या बळावर तो खडकाला धरून राहतो.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणारी एक नेहमीची जात 'सेल्लाना रेडिएटा' ह्या शास्त्रीय नावाने ओळखली जाते. 'रेडिएटा' म्हणजे किरणांकित. कवचाच्या माथ्यापासून काठापर्यंत सूर्यकिरणांप्रमाणे पसरलेल्या रेघांवरून हे विशेषण आले. युरोपच्या किनाऱ्यावरील सर्वपरिचित जातीस 'पटेला व्हल्गाटा' म्हणतात. ह्या लेखात पुढे येणारी बरीच निरीक्षणे ह्या युरोपीय जातीवरील आहेत, कारण तिचा अभ्यास फार पूर्वीपासून आणि फार बारकाईने झालेला आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. 'लिंपेट' हे नाव एकाच कुळापुरते मर्यादित नाही. माथ्यावर छिद्र असलेले लिंपेट आहेत, गोड्या पाण्यातील लिंपेट आहेत, आणि 'सायफोनारिया' नावाचे, फुप्फुसासारख्या पोकळीने हवेत श्वास घेऊ शकणारे लिंपेटही आहेत. ह्यांतील कित्येकांचे परस्परांशी निकटचे नाते नाही. लाटांच्या माऱ्यात टिकण्यास शंकूचा आकार सोयीचा, म्हणून निरनिराळ्या कुळांतील जीवांनी तोच आकार घेतला आणि माणसाने बाह्य रूप पाहून सर्वांना एकच नाव दिले. आपणही देवमाशाला 'मासा' म्हणतो, पण तो पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे हे शाळेतील मुलांना वेगळे शिकवावे लागते. नावाने ओळख होते, परंतु नात्याचा निर्णय नावावरून करता येत नाही.

वाटी, टोपी आणि वहाण

ह्या प्राण्यास निरनिराळ्या भाषांत मिळालेली नावे पाहिली तर त्यांचे दोन प्रमुख गट पडतात. पहिला गट आकारावरून पडलेल्या नावांचा.

लॅटिन भाषेत पसरट भांड्याला 'पटिना' म्हणत. त्याचे लघुत्वदर्शक रूप 'पटेला', म्हणजे लहान ताटली किंवा वाटी. स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत हाच शब्द ह्या जीवाच्या प्रजातीचे नाव म्हणून घेतला. 'पटेला व्हल्गाटा' ह्याचा सरळ अर्थ 'नेहमीची वाटी' असा होतो. वैद्यकाच्या परिभाषेत गुडघ्यावरील चकतीसारख्या हाडालाही 'पटेला' असेच म्हणतात, आणि मराठी माणूस त्याच हाडाला 'गुडघ्याची वाटी' म्हणतो. रोमन माणसाला आणि आपल्या पूर्वजांना एकच हाड पाहून एकाच प्रकारच्या भांड्याची आठवण झाली. येथे शब्द कोणी कोणाकडून उसना घेतला आहे असे मानण्याचे कारण नाही. पाहण्याची तऱ्हा तेवढी सारखी.

स्पेनमधील भाताचा 'पाएल्या' हा प्रसिद्ध पदार्थही ह्याच 'पटेला' शब्दाचा वंशज आहे. ज्या पसरट कढईत तो शिजवितात तिच्यावरून त्यास हे नाव मिळाले. अशा प्रकारे समुद्रातील एक जीव, मानवी शरीरातील एक हाड आणि जेवणातील एक पक्वान्न ही तिन्ही एका भांड्याच्या नावाने नांदत आहेत.

जर्मन भाषेत लिंपेटला 'वाडग्याची गोगलगाय' अशा अर्थाचा 'नाप्फश्नेके' हा शब्द आहे. जपानी लोक त्यास 'कासागाई' म्हणतात. 'कासा' म्हणजे उन्हापावसात डोक्यावर घेण्याची शंकूच्या आकाराची टोपी आणि 'गाई' म्हणजे कवचधारी जीव. कोकणात लावणीच्या दिवसांत पाठीवर इरले घेऊन वाकलेल्या बाया ज्याने पाहिल्या आहेत त्याला ह्या जपानी नावातील चित्र समजावून सांगावे लागणार नाही. फ्रेंच भाषेतही त्याचे एक नाव 'चिनी टोपी' असे आहे. लिंपेटसारख्याच दिसणाऱ्या, परंतु आतून अर्धा पडदा असलेल्या दुसऱ्या एका जीवास लॅटिनमध्ये 'क्रेपिड्युला', म्हणजे 'लहान वहाण', असे नाव पडले. ज्याच्या घरी जी वस्तू रोजच्या वापरात, तिच्यावरून त्याने ह्या जीवाला हाक मारली.

चिकटणारा तो लिंपेट

दुसरा गट गुणावरून पडलेल्या नावांचा. इंग्रजी 'लिंपेट' हा शब्द ह्या गटात येतो. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'लेंपेडू' असे होते आणि ते मध्ययुगीन लॅटिनमधील 'लांप्रेडा' ह्या शब्दापासून आले. गंमत अशी की 'लांप्रेडा' हा शब्द एका अगदी निराळ्या प्राण्यालाही लावीत. तो म्हणजे 'लॅम्प्री' हा वामासारखा लांबट, जबडा नसलेला जलचर. त्याचे तोंड गोल चकतीसारखे असून तो त्यायोगे दगडांना व माशांना चिकटून राहतो. इंग्रजीतील 'लिंपेट' आणि 'लॅम्प्री' हे दोन्ही शब्द ह्या एकाच लॅटिन शब्दाची दोन अपत्ये होत. एक कवचधारी गोगलगाय, दुसरा सर्पाकृती जलचर. दोघांत साम्य म्हणावे तर दगडाला धरून राहण्याचे.

'लांप्रेडा' ह्या शब्दाची फोड पूर्वीचे काही विद्वान 'दगड चाटणारा' अशी करीत. लॅटिनमध्ये 'लांबेरे' म्हणजे चाटणे आणि 'पेट्रा' म्हणजे दगड. अर्थ फार समर्पक आहे, विशेषतः लिंपेट खरोखरच खडक खरवडून खातो हे ध्यानात घेता. परंतु शब्द आधी रूढ झाला आणि अर्थ मागाहून जुळविला गेला असावा असाच आजच्या अभ्यासकांचा कल आहे.

अशा जुळवाजुळवीचा मोह आपल्यालाही पडण्याजोगा आहे. मराठीत 'लिंपणे' म्हणजे सारविणे, माखणे, चिकट लेप देणे. संस्कृत 'लिप्' ह्या धातूपासून तो शब्द आला. 'लेप', 'लिप्त', 'निर्लेप' हे सारे त्याच कुळातील. मग खडकाला लिंपून राहतो तो 'लिंपेट' अशी व्युत्पत्ती वर्गात सांगितली तर विद्यार्थ्यांना ती तत्काळ पटेल आणि आयुष्यभर लक्षातही राहील. परंतु ती चूक आहे. तीच गोष्ट 'पटेला' आणि 'पातेले' यांची. आपले 'पातेले' संस्कृतातील 'पातिली' ह्या भांडेवाचक शब्दाशी जोडले जाते, आणि केवळ ध्वनी जुळतो म्हणून त्याचे लॅटिन शब्दाशी सोयरेपण जमविता येत नाही. ग्रीक भाषेत लिंपेटला 'लेपास' म्हणत. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथात हे नाव येते. त्याचाही आपल्या 'लेप' शब्दाशी संबंध नाही. पुढे तर लिनिअसने 'लेपास' हे नाव भलत्याच जीवाला, म्हणजे जहाजांच्या तळाला व तरंगत्या लाकडांना चिकटणाऱ्या देठाच्या बार्नेकलला दिले. नावेही कधी कधी अशी घर बदलतात. शब्दाचे मूळ सांगावयाचे तर त्याची जुनी रूपे क्रमाने दाखविता आली पाहिजेत. कानाला गोड लागणे हा पुरावा नव्हे.

गोव्याशी चार शतकांहून अधिक काळ संबंध आलेल्या पोर्तुगीज भाषेत लिंपेटला 'लापा' म्हणतात. मदेरा आणि असोर्स ह्या अटलांटिक महासागरातील बेटांवर लसूण व लोणी घालून भाजलेले लापा आवडीने खातात. त्याच भाषेत पिच्छा न सोडणाऱ्या माणसालाही 'लापा' म्हणण्याची रीत आहे.

माणसांना लागलेले नाव

प्राण्याचे नाव एकदा रूढ झाले की ते माणसांना चिकटण्यास वेळ लागत नाही. काम संपले तरी पद न सोडणाऱ्या अधिकाऱ्यांना इंग्रजीत 'लिंपेट' म्हणत. शासकीय पत्रिकेच्या वाचकांना ह्या अर्थाचे अधिक विवरण करून सांगण्याची आवश्यकता नसावी. हवाई बेटांवर लिंपेटला 'ओपिही' म्हणतात, आणि सतत आईच्या पदराला धरून राहणाऱ्या मुलालाही तेथे हेच नाव मिळते. एकाच गुणाकडे एका समाजाने त्राग्याने पाहिले आणि दुसऱ्याने मायेने.

आयर्लंडमध्ये लिंपेट हे गरिबीचे अन्न समजले जाई. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात किनाऱ्यावरील उपाशी माणसांनी खडकांवरचे लिंपेट काढून खाल्ले. गुत्त्यापासून दूर राहा, नाही तर लिंपेट खाऊन दिवस काढावे लागतील, अशा आशयाची एक म्हण आयरिश भाषेत आहे.

विसाव्या शतकात ह्या नावास एक भीषण अर्थ प्राप्त झाला. १९३९ साली इंग्लंडमध्ये स्टुअर्ट मॅक्रे आणि सेसिल क्लार्क ह्या दोघांनी शत्रूच्या जहाजाच्या पोलादी तळाला लोहचुंबकाने चिकटविता येईल असा सुरुंग तयार केला. त्याचे पहिले नमुने दुकानात मिळणाऱ्या साध्या घरगुती वाडग्यांतून बनविले होते. पाण्यात विरघळणाऱ्या बडीशेपेच्या साखरगोळ्या त्यातील विलंबाच्या योजनेसाठी वापरल्या गेल्या. ह्या सुरुंगाचे नाव 'लिंपेट माइन' असे पडले. रोमन लोकांनी ज्या जीवाला वाटी म्हटले, त्याच्या नावाचे शस्त्र पुन्हा वाडग्यातूनच जन्मास यावे हा योगायोग खरा.

हे शस्त्र आपल्या उपखंडाच्या इतिहासातही येते. १९७१ मधील बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील प्लासीजवळ भागीरथीच्या काठी बंगाली तरुणांना पोहण्याचे व पाण्याखालील घातपाताचे शिक्षण देण्यात आले. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री व १६ ऑगस्टच्या पहाटे ह्या तरुणांनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज येथील बंदरांत पोहत जाऊन जहाजांच्या तळांना लिंपेट सुरुंग लाविले. आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावरून ठरावीक गीते लागणे, हा त्यांच्यासाठी निघण्याचा संकेत होता.

चिकटून राहणाऱ्या प्राण्याचे नाव पराक्रमाशी जोडण्याची कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. आपल्याकडे तो मान घोरपडीला मिळाला. घोरपडीच्या साह्याने अवघड किल्ला सर केल्यावरून मुधोळच्या घराण्यास 'घोरपडे' हे उपनाव मिळाले अशी परंपरा सांगितली जाते. १६७० मधील कोंढाण्याच्या स्वारीत तानाजी मालुसऱ्यांच्या घोरपडीची कथा तर घराघरांत ठाऊक आहे. ह्या कथांचा ऐतिहासिक पुरावा हा वेगळा विषय होय. परंतु मराठी माणसाला चिकाटीचे उदाहरण हवे होते तेव्हा त्याने सह्याद्रीच्या कड्यावरचा प्राणी निवडला आणि इंग्रजाने समुद्राच्या खडकावरचा, एवढे त्यावरून दिसते.

नावांनी जे सांगितले नाही

ह्या सर्व नावांचा विचार करता एक गोष्ट लक्षात येते. कोणी लिंपेटचा आकार पाहिला, कोणी त्याची पकड पाहिली. परंतु ह्या दोन्ही गोष्टी ओहोटीच्या वेळी, तो निश्चल असताना पाहिलेल्या आहेत. पाणी चढल्यावर तो काय करतो, हे ह्यांपैकी कोणत्याच नावात आलेले नाही.

लिंपेट एका जागी खिळलेला नसतो. अनुकूल वेळ येताच तो आपली जागा सोडून खडकावरील शेवाळ खरवडीत फिरतो. युरोपीय लिंपेट चरून झाल्यावर पुष्कळदा नेमक्या आपल्या मूळ जागी परत येतो. परतीच्या वाटेवर स्वतःच्याच चिकट स्रावाची खूण त्याला उपयोगी पडते. घरी आल्यावर त्याच्या कवचाचा काठ खडकाच्या खाचखळग्यांशी बरोबर जुळतो. कठीण खडक असेल तर कवच त्याप्रमाणे वाढते, मऊ खडक असेल तर झिजून त्यावर गोल खाच पडते. ही फट घट्ट बसली म्हणजे आतील ओलावा टिकतो आणि उन्हाच्या वेळी जीव वाचतो. म्हणून लिंपेटला उपटून थोड्या अंतरावर ठेवले तरी चालेल असे समजणे योग्य नव्हे. त्याचे घर मागेच राहिलेले असते.

त्याच्या पकडीतही दोन युक्त्या आहेत. पाण्याखाली असताना तो मुख्यतः पायाच्या शोषणाने खडकास धरतो, आणि ओहोटीत दीर्घकाळ बसावयाचे असते तेव्हा डिंकासारखा स्राव वापरतो. धोक्याची चाहूल लागताच तो कवच खाली दाबून घेतो. त्या वृद्धेने मुलांना दाखविलेल्या प्रयोगाचे मर्म हेच होते.

खडक खरवडण्यासाठी त्याच्या तोंडात कानशीसारखी लांब पट्टी असून तीवर सूक्ष्म दातांच्या ओळी असतात. त्या दातांत 'गोएथाइट' नावाच्या लोहखनिजाचे बारीक तंतू असतात. २०१५ साली इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्या दातांची ताणशक्ती मोजली. ती ३ ते ६.५ गिगापास्कल इतकी भरली. कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यालाही मागे टाकणारा, तोवर मोजलेल्या जैविक पदार्थांतील सर्वांत बळकट असा हा पदार्थ ठरला. 'गोएथाइट' हे नाव जर्मन महाकवी गटे यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. कालिदासाचे 'शाकुंतल' भाषांतरातून वाचून मुक्तकंठाने प्रशंसा करणारा हाच तो कवी. त्यालाही खनिजशास्त्राची आवड होती.

लिंपेटच्या ह्या चरण्याचे मोल किती आहे, हे एका दुर्घटनेने जगाला दाखविले. १८ मार्च १९६७ रोजी 'टोरी कॅन्यन' हे सुमारे १,१९,००० टन खनिज तेल घेऊन चाललेले जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. तेलाचा तवंग नाहीसा करण्यासाठी किनाऱ्यावर हजारो टन रासायनिक द्रव्ये फवारण्यात आली. त्या काळची ती द्रव्ये तेलापेक्षाही विषारी ठरली आणि खडकांवरील लिंपेट मोठ्या संख्येने मेले. चरणारे नाहीसे होताच काही महिन्यांत खडक हिरव्या शेवाळाने झाकून गेले व त्यामागून मोठ्या सागरी वनस्पतींचे रान माजले. तेथील जीवसृष्टीचा समतोल पूर्ववत होण्यास दहा ते पंधरा वर्षे लागली. ज्याला कोणी वाटी म्हटले, कोणी टोपी, तो त्या खडकाचा राखणदार होता हे तो गेल्यावर कळले.

हा प्रसंग दूरदेशीचा असला तरी आपल्याला परका नाही. गोव्याच्या पुळणीवर पावसाळ्याच्या तोंडावर डांबराच्या काळ्या गोळ्या वाहून येतात. भरसमुद्रात सांडलेले किंवा सोडलेले तेल वाऱ्यालाटांनी किनाऱ्यास लागल्याची ती खूण असते. पुळणीवरील गोळ्या आपल्या नजरेस पडतात आणि गोळा करता येतात. खडपावर त्याच तेलाचा लेप बसला तर तेथील जीवांना ते सहन करीत बसण्यावाचून गत्यंतर नसते.

मोठा तेवढा वेचावा काय?

जेथे लिंपेट खाल्ला जातो तेथे आणखी एक प्रश्न उद्भवला आहे. युरोपीय जातीचे लिंपेट लहान असताना बहुतांशी नर असतात आणि वाढल्यावर त्यांतील अनेकांचे मादीत रूपांतर होते. वेचणारा माणूस स्वाभाविकपणे मोठा जीव निवडतो. ह्याचा अर्थ तो नकळत माद्याच वेचतो आणि पुढील पिढीचा आधार नाहीसा होतो. असोर्स बेटांवर १९८० च्या दशकात लापांची संख्या झपाट्याने घसरली. तेव्हा १९९३ साली राखीव क्षेत्रे, वेचण्यास बंदीचा काळ आणि किमान आकार ह्यांविषयी नियम करावे लागले. हवाई बेटांवर सव्वा इंचाहून लहान कवचाचा ओपिही काढण्यास मनाई आहे. तेथे ओपिहीला 'मृत्यूचे मासे' असेही म्हणतात, कारण लाटांच्या माऱ्यातील खडकांवरून ते काढताना पाय घसरून अनेकांनी प्राण गमावले आहेत.

आपल्या किनाऱ्यावर कालवे, तिसऱ्या, शिनाणे वेचणाऱ्या कुटुंबांना ह्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. पावसाळ्यात मासळीची वीण जपण्यासाठी यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचे तत्त्व आपण मान्य केलेच आहे. खडपावरील जीवांनाही तेच तत्त्व लागू पडते. सगळाच खडक एका दिवसात खरवडून न काढता काही भाग आलटून पालटून मोकळा सोडावा, फार लहान जीव काढू नये आणि सर्वांत मोठे काही राखून ठेवावे. ही शिस्त जुन्या जाणत्यांना नवी वाटणार नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना

किनाऱ्यालगतच्या शाळांना ह्या विषयाचा एक सोपा उपक्रम करता येईल. पंचांगात अमावास्या किंवा पौर्णिमा पाहून उधाणाच्या दिवसांतील मोठी ओहोटी निवडावी. पावसाळ्यात आणि समुद्र खवळलेला असताना मुळीच जाऊ नये. गावातील एखादा जाणता मच्छीमार बरोबर घ्यावा आणि लाटांकडे पाठ करून कोणी उभे राहू नये, ही ताकीद द्यावी. पाच-दहा लिंपेटच्या कवचांवर आणि त्यांच्या लगतच्या खडकावर नखांना लावावयाच्या रंगाचा बारीक ठिपका द्यावा. पुढील ओहोटीला हे ठिपके पुन्हा समोरासमोर आलेले दिसतात की नाही, हे मुलांनी स्वतः पाहावे. त्यासाठी एकही जीव उपटण्याची आवश्यकता नाही.

ह्याबरोबर एक वही ठेवावी. खडपावरील प्रत्येक जीवाला आपल्या गावात काय म्हणतात, ते नाव कोणी सांगितले, तो जीव खातात की औषधाला वापरतात की नुसताच ओळखतात, हे तीत लिहावे. शेजारच्या गावातील नाव निराळे असेल तर तेही लिहावे. आजी-आजोबांच्या तोंडची अशी नावे कोशांत पोचलेली असतातच असे नाही, आणि ती सांगणारी पिढी दिवसेंदिवस विरळ होत आहे. समुद्रापासून दूर असलेल्या इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादच्या शिक्षकांनी आपल्या नदीकाठच्या व तळ्यातील जीवांची अशीच नोंद करावी. नाव मिळाले नाही तर 'नाव मिळाले नाही' असे प्रामाणिकपणे लिहावे. ध्वनी जुळवून नवे मूळ शोधू नये.

त्या सहलीहून परतताना प्रश्न विचारणाऱ्या मुलीने शिक्षिकेस विचारले की आजीला नाव ठाऊक नसेल तर आपण एक ठेवावे काय? शिक्षिकेने तिला आणखी दोन-तीन गावांत आधी विचारून येण्यास सांगितले. मुलीने वहीच्या पानावर उपड्या वाटीचे चित्र काढले, त्याखाली नावासाठी रेघ मोकळी सोडली आणि शेजारी लिहिले, 'टकटक केली की घट्ट धरतो.'